बाईंच्या गळ्यातली पिशवी

ते कापड मीच निवडलं, मीच कापलं आणि पिशवीही मीच शिवून घेतली. हे आधी सांगून टाकतो. बाईंबद्दल लिहायला बसलं की त्यांच्याच गोष्टी इतक्या सुचतात की माझा भाग सोयीस्करपणे राहून जातो.

भिवंडीत माझं काम कापड तपासण्याचं. लूमवरून उतरलेला तागा टेबलावरून ओढत न्यायचा, हाताखाली सुटलेली तार, गाठ, विरळ पट्टा लागला की खूण करायची. अर्धं आयुष्य यात गेलं. माझी मुलगी सायली आठवीत होती तेव्हा तिच्या हट्टापायी मी शुगर ग्लायडरची जोडी आणली. खारीहून लहान, करडा प्राणी. डोळे मोठे, काळेभोर. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो, त्यामुळे उडी मारली की वाऱ्यावर रुमाल सोडावा तसा तरंगत येतो. दिवसभर झोपतो आणि झोपायला त्याला पिशवी लागते. विकणारा म्हणाला होता, "खारच समजा, भाऊ. काही त्रास नाही." सायलीने मादीचं नाव बटण ठेवलं. नराच्या डोक्यावर टक्कल असतं, म्हणून तो टकलू.

झोपायच्या पिशवीसाठी मी पडद्याच्या कापडाचा एक तुकडा घरी आणला. सोनेरी वेलबुट्टीचं कापड. अशा कापडाच्या मागच्या बाजूला बुट्टीचे धागे सैल लोंबत असतात. ते मला दिसले नाहीत असं नाही, रोजच दिसतात. पण आमच्या धंद्यातल्या सवयीने मी सुलट बाजू बाहेर ठेवली, दिसायला चांगली म्हणून. सैल धागे आत गेले, जिथे ती दोघं झोपणार होती.

एका सकाळी पाणी भरायला उठलो तर बटण पिशवीच्या तोंडाशी लोंबत होती. एक धागा मागच्या नखात अडकला होता आणि सुटायच्या धडपडीत मानेभोवती फिरला होता. टकलू पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात अंग आक्रसून बसला होता. मी धागे कापले. तिला वर्तमानपत्रात गुंडाळून कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत पुरलं, पिशवी चिंधीच्या गोणीत टाकली. मग घरी येऊन पिंजऱ्याचं दार उघडून ठेवलं.

सायली उठली आणि पिंजऱ्याशी गेली. "पप्पा, बटण कुठाय?"

मी म्हणालो, "दार उघडं राहिलेलं दिसतंय. मांजर आलं असेल."

'तू उघडं ठेवलंस' असं मी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. झोपण्याआधी खाऊ घालून कडी लावायचं काम तिचं होतं.

त्यानंतर टकलूने खाणं सोडलं. चार दिवस वाट बघून मी त्याला एका डब्यात घालून बाईंकडे निघालो.

बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी त्यांचा मागच्या बाकावरचा विद्यार्थी. कामतघरला दोन कारखान्यांच्या मधल्या एका जुन्या घराच्या माडीवर त्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं, त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही कोण विचारणार. निवृत्त झाल्यावर गावात त्यांची ओळख बदलली. आधी 'गणिताच्या बाई' होत्या, मग 'उंदीरवाल्या बाई' झाल्या. सुरुवात एका कारखानदाराच्या ऑफिसातून झाली होती. बाई त्यांच्या मुलाची शिकवणी घ्यायला जायच्या. तिथे शोभेसाठी काचेच्या पेटीत एक ग्लायडर ठेवला होता, दिवसभर डोक्यावर ट्यूबलाइट. एके दिवशी बाई मालकांना म्हणाल्या, "हे मी दोन दिवस नेते." ते दोन दिवस पुढे कधी संपले नाहीत. कुठून कुठून लोक त्यांच्याकडे नको झालेले ग्लायडर आणून सोडू लागले. वाढदिवसाला आणलेले, मुलाचा अभ्यास बुडतो म्हणून, वास येतो म्हणून, लग्न ठरलं म्हणून.

बाईंच्या दारावर फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेली पाटी होती: 'प्राणी आणून द्या. कारण सांगू नका.'

ती पाटी वाचून, जिना चढून मी आत गेलो आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणालो, "बाई, हे आमच्या कारखान्याच्या पत्र्यावर सापडलं. कोणाचं आहे कोण जाणे."

बाईंनी डबा घेतला. झाकण थोडं उचलून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आणलंस ते बरं केलंस. चहा घेणार?"

त्या पाटीची किंमत मला नंतर कळली. एकदा मी बसलो असताना एक तरुण आला. पोपटाच्या पिंजऱ्यात एक ग्लायडर, त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडलेले. तरुण दारातूनच सुरू झाला, "मॅडम, बिस्किट खाता था, दूध पीता था, सब ठीक था, फिर अचानक..."

"वो सब रहने दो," बाई म्हणाल्या. "बैठो. चाय पियोगे?"

त्याला चहा दिला, बिस्किटही दिलं. जाताना म्हणाल्या, "तुम लेके आये, ये अच्छा किया." तो हलका होऊन जिना उतरला. मग बाई मोरीत गेल्या आणि त्याची कपबशी अशा घासायला लागल्या की मला वाटलं फुटणार. नुसत्या बिस्किटावर ठेवलं की अंगातलं कॅल्शियम संपतं आणि पाय जातात, हे त्यांनी आयुष्यात किती वेळा पाहिलं असेल.

मी म्हणालो, "बाई, एक शब्द बोलला नाहीत त्याला."

"बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ह्याला काय मिळालं असतं?" कपबशी पालथी घालत त्या म्हणाल्या. "आणि पुढचा माणूस ऐकेल की बाई रागावतात. मग तो इकडे कशाला येईल? खाडीत टाकून मोकळा होईल."

त्या लुळ्या ग्लायडरला त्यांनी ड्रॉपरने औषध पाजून, रोज उन्हाच्या तिरिपेशी धरून पुन्हा चालायला लावलं. पाय ओढत का होईना, तो दोरी चढू लागला. त्या दिवशी बाईंनी शेजारपाजारी पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. शेजाऱ्यांना वाटलं, कुणा विद्यार्थ्याचा निकाल लागला.

बाई स्वतः कांदासुद्धा जपून खाणाऱ्या. पण ग्लायडरला अंडं लागतं, किडे लागतात. बाईंनी गॅलरीत वेगळी शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं आणि एकादशीला स्वतः उपास करून त्यांच्यासाठी अंडी उकडली. स्टीलच्या डब्यात कोंडा घालून अळ्या पाळल्या. एकदा त्यांची वहिनी आली असता चहाला साखर शोधताना तिने नेमका तो डबा उघडला. त्यानंतर वहिनी यायची ती घरचा थर्मास घेऊन. बाई म्हणायच्या, "त्यांना मी बोलावलं नाही, ह्यांनाही मी बोलावलं नाही. पण ह्यांना परत जायला घर नाही."

आणि त्यांच्या गळ्यात कायम एक पिशवी असायची. काळ्या गोफात ओवलेली, पदराखाली. नव्याने आलेला, घाबरलेला प्राणी त्या दिवसभर त्या पिशवीत घेऊन हिंडायच्या. माणसाचा वास आणि छातीची धडधड ओळखीची झाली की तो चावायचा थांबतो. बँकेत, देवळात, लग्नात, सगळीकडे ती पिशवी सोबत. एकदा मी त्यांच्याबरोबर एसटीने गणेशपुरीला गेलो होतो, तिथे त्यांचा भाचा राहतो. वाटेत पिशवी हलली. शेजारी बसलेल्या म्हातारीने वाकून पाहिलं.

"काय हाय गं बाय त्यात?"

"झोपलंय," बाई म्हणाल्या.

"कोन?"

"पाहुणा आहे. ऑस्ट्रेलियाकडचा."

म्हातारीने कंडक्टरला हाक मारली. "मास्तर, हिच्या गल्यात काय तरी हाय, त्याचं तिकीट न्हाय काढलं."

कंडक्टर आला. बाईंनी पिशवीचं तोंड बोटभर उघडलं. आतून दोन काळे डोळे दिसले आणि लूमचा पट्टा घासावा तसा कर्रकर्र आवाज आला. कंडक्टर दोन पावलं मागे सरला. "असू द्या बाई. फुल तिकीट न्हाय बसत त्याला." वज्रेश्वरी येईपर्यंत म्हातारीने पिशवीवरून नजर काढली नाही आणि उतरताना हळूच विचारलं, "हात लावू का?" बाईंनी लावू दिला.

शुक्रवारी लूम बंद असतात. इतर दिवशी दोन्ही बाजूंच्या कारखान्यांची खडखड चालू असेपर्यंत बाईंची मंडळी शांत, आणि शुक्रवारी शांतता झाली की कुत्र्याच्या पिल्लासारखी भुंकायला लागत. त्यांना खडखडाटाचीच सवय झाली होती. खालच्या मजल्यावर राहणारा एक लूम कामगार जिन्यातून ओरडायचा, "टीचरजी, हफ्ते में एक ही दिन सोने को मिलता है." बाईंनी त्यावर उपाय काढला. शुक्रवारी दिवसभर जुनं शिवणयंत्र रिकामंच चालवत बसायच्या, पायाने, पुस्तक वाचत. मंडळी झोपायची. खालचा कामगारही झोपायचा. पुढे तो आपल्या गावाकडून बाईंसाठी बाभळीचा डिंक आणू लागला, कारण ग्लायडर तो आवडीने चाटतात हे बाईंनी त्याला सांगितलं होतं.

असं सगळं जपणाऱ्या बाई टकलूपुढे मात्र हरायला लागल्या होत्या, आणि त्याचं कारण मी होतो.

बेवारस सापडलेला प्राणी काय आजार घेऊन आला असेल सांगता येत नाही, म्हणून बाई त्याला बरेच दिवस इतरांपासून वेगळं ठेवत. टकलूलाही ठेवलं. मी दर दोन-तीन दिवसांनी जायचो. प्रत्येक वेळी तो आणखी खराब दिसायचा. मग त्याने स्वतःची शेपटी कुरतडायला सुरुवात केली. बाईंनी ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवलं, औषध लावलं, मानेभोवती प्लास्टिकचा पट्टा घातला, सगळा दिवस पिशवीत घेऊन फिरल्या. त्यांचे डोळे खोल गेले होते. मला म्हणाल्या, "काहीतरी सुटतंय माझ्याकडून. उदाहरण बरोबर मांडलंय असं वाटतं आणि उत्तर येत नाही."

त्या दिवशी टकलूच्या शेपटीचं टोक उघडं पडलेलं मी पाहिलं. तेव्हा मी बोललो. बेवारस नाही, माझा आहे. जोडी होती. मादी मेली, माझ्या कापडात अडकून मेली.

बाई एकदम उठल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्यांनी टकलूला पिशवीतून काढलं, आतल्या खोलीत नेलं आणि एका तरण्या मादीच्या पिशवीशेजारी धरलं. मादी बाहेर आली, त्याला हुंगलं, करकरली, पुन्हा हुंगलं. बऱ्याच वेळाने तिने त्याचं टक्कल चाटलं. बाई जमिनीवर बसून ते बघत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आजारी नव्हता रे. एकटा पडला होता. आधी कळलं असतं तर मी त्याला एकटं ठेवलं नसतं."

एवढंच. मी म्हणालो, "बाई, सायलीला हे माहीत नाही."

"मग सांग तिला."

"हो," मी म्हणालो.

टकलू जगला. शेपटी अर्धी राहिली. बाईंनी मला त्या पडद्याच्या कापडाचा दुसरा तुकडा आणायला लावला. त्यांच्याकडे शाळेच्या जुन्या बुटाची वेल्क्रोची पट्टी होती, तिची खरबरीत बाजू त्यांनी कापडावर दाबून ओढली. ती धाग्यांसकट आली. "नख असंच असतं त्यांचं," म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्या पिशव्यांचं कापड मी तपासू लागलो. दुहेरी मऊ कापड, शिवण बाहेर, सुलट बाजू आत. दुकानात बाई स्वतः यायच्या आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक कापडावर पट्टी ओढायच्या. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, कापड घ्यायचंय की त्याची परीक्षा?" बाई म्हणाल्या, "परीक्षाच. चुकून पास झालं तर कोणाचा तरी पाय जातो."

मी त्यांच्या कामी येतोय, याचं मला बरं वाटायचं. फार बरं वाटायला लागलं की बाईंना कसं कोण जाणे, कळायचं. "उपकार करतोयस असं वाटत असेल तर घरी जा," त्या म्हणायच्या. "उद्या नुसतं काम करायला ये."

सायलीही माझ्याबरोबर येऊ लागली. टकलू बाईंकडे आहे म्हणून आधी, आणि मग बाईंसाठीच. शाळा, कॉलेज, फार्मसीचा अभ्यास, सगळं सांभाळून ती रविवारी कामतघरला असायची. मक्याचे दाणे सोलायची, पिंजरे धुवायची, पायांची नखं कापताना प्राणी असा धरायची की तो करकरायचाही नाही. बाई मला म्हणाल्या होत्या, "माझ्यापेक्षा हिचा हात चांगला आहे." एकच गोष्ट ती करायची नाही. पिंजऱ्याची कडी ती कधी लावायची नाही. "बाई, कडी तुम्ही लावा," म्हणून बाजूला व्हायची. बाईंना ती तिची लकब वाटायची. घरीसुद्धा बाहेर पडताना ती कुलूप ओढून बघायची, अर्धा जिना उतरायची, परत येऊन पुन्हा ओढायची. तिची आई हसून म्हणायची, "वॉचमनची नोकरी कर बाई." मी हसायचो नाही. पण बोलायचोही नाही. ती दहावीत होती तेव्हा मनाशी म्हणालो, परीक्षा झाल्यावर सांगू. मग म्हणालो, आता ती विसरली असेल. बाईंच्या घरी मागचं काढायचं नाही हा नियम होता आणि तो नियम मी स्वतःसाठी वापरला. माणसांनी लाजेने प्राणी टाकून देऊ नयेत म्हणून बाईंनी जो आडोसा उभा केला होता, त्याच्याआड मी वर्षानुवर्षं उभा राहिलो.

गेल्या वर्षी बाईंचे हात थरथरायला लागले. ड्रॉपर धरवेना. भाचा म्हणाला, गणेशपुरीला चला. बाईंनी आधी सगळ्या मंडळींची सोय लावायला घेतली. प्रत्येकासाठी घर शोधलं, त्या घरी स्वतः जाऊन बसल्या, पंखे किती उंचीवर आहेत ते पाहिलं, घरातल्या लहान मुलांशी बोलल्या. तीन घरं नाकारली. शेवटी टकलू आणि आता म्हातारी झालेली त्याची ती मादी उरली. टकलूला आता दिसायला कमी झालं होतं. दोघांना वेगळं करता येणार नव्हतं आणि नवख्या हातात देता येणार नव्हतं. बाईंनी आम्हाला बोलावलं. त्या गॅलरीत पाटावर बसून पपई कापत होत्या.

"सायली, ही दोघं तू ने," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाकडे ती टिकणार नाहीत. तुझ्याकडे देऊन गेले की मला तिकडे झोप लागेल."

सायलीने मान हलवली. "मी दर रविवारी गणेशपुरीला येईन, बाई. तिथे येऊन सगळं करीन. पण घरी नको."

"तिकडे भाच्याचं घर आहे, मांजरं आहेत. न्यायला जागा असती तर तुला सांगितलं असतं का?"

"माझ्याकडून दार उघडं राहतं," सायली म्हणाली. ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, आपली उंची सांगावी तसं. "बटणला मांजराने नेलं ते माझ्यामुळे. मी कडी लावली नव्हती. मला वाटतं लावली, पण ती लागलेली नसते. टकलूच्या बाबतीत पुन्हा तसं झालं तर मला नाही सहन होणार."

बाईंची सुरी थांबली. त्यांनी सायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी केव्हाच सांगितलंय असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. मला त्यांच्या डोळ्यांत राग हवा होता. तो नव्हता. त्या मला वेळ देत होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून कष्टाने उठल्या आणि म्हणाल्या, "मी चहा टाकते." आत गेल्या. शेगडी पेटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

दोन्ही बाजूंना लूम चालू होते. मला आवाज थोडा चढवून बोलावं लागलं.

"सायली, मांजर आलं नव्हतं."

ती पपईच्या ताटलीकडे बघत होती. तिने मान वर केली.

मी सगळं सांगितलं. वेलबुट्टीचं कापड, आतले सैल धागे, नखात अडकलेला धागा. बटणला कुठे पुरलं ते. पिशवी कुठे टाकली ते. टकलूच्या शेपटीच्या वेळी बाईंना मांजराचं सोडून अर्धंच सांगितलं होतं तेही. सांगताना मधेच मी म्हणालो, "तू तेव्हा लहान होतीस, तुला वाईट वाटू नये म्हणून," आणि थांबलो, कारण ते खरं नव्हतं. "नाही. तुला कळू नये म्हणून. तू माझ्याकडे कशी बघशील याची मला भीती वाटली."

सायलीने पपईची ताटली बाजूला सारली. तिचा हात शेजारच्या पिंजऱ्याच्या जाळीवर होता. मग तिने विचारलं, "पप्पा, म्हणजे कडी मी लावली होती?"

"लावली होतीस," मी म्हणालो. "नीट लावली होतीस. सकाळी ती मी उघडली. माझ्या हातून ती मेली आणि ते मी तुझ्यावर ढकललं, आणि तुला रोज कुलपं ओढताना बघत राहिलो. चूक माझी होती, सायली. मला माफ कर."